रिपोर्ट मुठीचा, वाल गोणीभर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत पावसाळ्यात कडधान्यं कशी तपासायची यावर एक छोटा चौकोन आला होता, त्यात लिहिलंय की जांभळ्या उजेडाची टॉर्च मारा, दाणे चमकले तर बुरशीचं विष आहे, नाही चमकले तर बिनधास्त खा. हाच व्हिडिओ त्याआधी पंधरा दिवस आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरत होता तेव्हा मी गप्प बसले, पण पेपरात छापून आलं की लोक खरं धरतात (अजूनही धरतात, तुमचं भाग्य), म्हणून हे पत्र. टॉर्चचं पुढे सांगतेच, पण मला मुख्य बोलायचंय ते लॅबच्या रिपोर्टबद्दल, कारण टॉर्चवर हसणारी शिकलेली माणसं सुद्धा रिपोर्टचा कागद दिसला की डोळे मिटून घेतात.

मी परळला राहते. धान्य, मसाले, शेंगदाणे तपासणाऱ्या एका खाजगी लॅबमधे बावीस वर्षं काढली, शास्त्रज्ञ वगैरे काही नाही, दळायचं, गाळायचं, मशीनला लावायचं आणि रजिस्टरमधे लिहायचं असं काम. आता निवृत्त आहे, म्हणजे घरचे म्हणतात.

आमच्या बिल्डिंगचं महिला मंडळ दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांचं मिळून कडधान्य घेतं, घाऊक पडतं म्हणून. यंदा कडवे वाल घेतले, तीस-तीस किलोच्या दोन गोण्या. श्रावणात आमच्याकडे वालाचं बिरडं नसेल तर श्रावण आलाच नाही असं धरतात. गोण्या तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्या, फळीवर, एक भिंतीला टेकून आणि दुसरी तिच्यावर. जुलैत वाटप झालं. एका संध्याकाळी मी दोन वाट्या भिजवले, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधले, मोड आले, कोमट पाण्यात घालून सोलायला बसले. वाल सोलताना काय होतं की प्रत्येक दाणा बोटातून जातो, दुसऱ्या कुठल्या कडधान्याचं एवढं निरीक्षण कोणी करत नाही. तर सोलता सोलता एक डाळिंबी हातात सुटली, दोन पाकळ्या वेगळ्या झाल्या आणि मधे राखाडी-हिरवट लव. सालीवरून काही म्हणजे काही कळत नव्हतं, बाजूला एक सुईएवढं भोक होतं फक्त, किडीचं. मग अजून एक तसाच. मग वास घेतला. तो कुबट वास ज्याला माहितीये त्याला माहितीये, बंद पडलेल्या ट्रंकेसारखा.

मी ग्रुपवर लिहिलं की वाल कोणी शिजवू नका. झालं, अर्ध्या जणी घाबरल्या आणि अर्ध्या जणी म्हणाल्या टोका पडलेले चार दाणे असतातच, निवडून घ्यायचे, आमच्या सासवा काय लॅबमधे जायच्या का. अध्यक्षीणबाईंनी दुकानदाराला फोन लावला. शेठ शांतपणे म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, माझ्याकडे रिपोर्ट आहे," आणि पाच मिनिटात पीडीएफ पाठवली. अफलाटॉक्सिन (तेच बुरशीचं विष), आढळलं नाही. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी सुरू.

मी ती पीडीएफ मोठी करून वाचली. तारीख फेब्रुवारीची. मालाचं नाव नुसतं 'सुके बीन्स', लॉट नंबरच्या जागी आडवी रेघ. सॅम्पल दोनशे ग्रॅम. आणि खाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, बारीक अक्षरात दोन ओळी, की नमुना पार्टीने आणून दिलेला आहे, आणि निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता लागू आहे. या ओळी मी स्वतः हजारो वेळा छापल्यात हो. लॅब खोटं बोलत नाही. लॅब सांगतेय की बाबा, तू मला मूठभर दाणे दिलेस, त्या मुठीत काही नव्हतं. त्या मुठीचा आणि आमच्या गोणीचा संबंध काय, ते लॅबला माहीत नाही, शेठला माहीत नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना तर नाहीच नाही.

आता हे विष आहे तरी काय, ते थोडक्यात. ॲस्परजिलस नावाची बुरशी असते, तिच्यातल्या फ्लेवस आणि पॅरासिटिकस या दोन जाती मुख्य, त्या अफलाटॉक्सिन बनवतात. सापडलं कसं तर १९६० साली इंग्लंडमधे लाखावर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कळेना, शेवटी धागा पोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. आपल्याकडे १९७४ मधे गुजरातचं पंचमहाल आणि राजस्थानचं बांसवाडा, या आदिवासी भागात अवकाळी पावसाने मका भिजला, लोकांनी तोच खाल्ला कारण दुसरं काही नव्हतं, ३९७ जण आजारी पडले आणि १०६ गेले. कावीळ, पोटात पाणी. त्याच घरातली कुत्री पण मेली. तिथल्या मक्यात विषाचं प्रमाण आजच्या लिमिटच्या शेकडो पट होतं, तेव्हा बिरडं खाऊन असं होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये. थोडं थोडं पण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर, हा त्याचा दुसरा चेहरा आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने त्याला पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या गटात. ज्यांना हेपटायटिस बी आहे त्यांना धोका कितीतरी पटीने जास्त.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगते की कडधान्यं या बाबतीत सगळ्यात वाईट नाहीत. शेंगदाणे, मका, सुकी मिरची यांची भीती मला जास्त. वालाची, राजम्याची साल जाड असते, अख्खी असेल तर बुरशीला आत शिरणं सोपं नाही. पण साल फुटली, किड्याने भोक पाडलं, की दार उघडलं. म्हणून भोक पडलेले आणि तुटके दाणे हे नुसते दिसायला वाईट नसतात.

सरकारी लिमिट डाळी-कडधान्याला किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, ज्याला आम्ही पंधरा पीपीबी म्हणतो. म्हणजे किती, तर दहा टनाचा भरलेला ट्रक घ्या, त्या अख्ख्या ट्रकमधे मिळून दीडशे मिलिग्रॅम. तापावर घेतो त्या पाचशेच्या गोळीचा तिसरा हिस्सा पण नाही. हे डोळ्याला दिसणार, वासाला कळणार, टॉर्चने चमकणार, सगळं विसरा.

आता खरी गोम. हे विष मालात मिठासारखं सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे चांगले आणि एखादाच दाणा नुसता विषाने भरलेला, असं असतं. एकेका शेंगदाण्यात लाखांच्या घरात पीपीबी सापडल्याच्या नोंदी आहेत. हिशोबापुरतं धरा की कडवा वाल पाव ग्रॅमचा आहे, म्हणजे किलोत चार हजार दाणे. त्यातला एकच दाणा एक लाख पीपीबीचा निघाला आणि बाकीचे ३,९९९ एकदम स्वच्छ. किलोची सरासरी आली पंचवीस, लिमिटच्या वर. आता तोच किलो वीस बायकांनी पन्नास-पन्नास ग्रॅम वाटून घेतला आणि प्रत्येकीने आपापलं सॅम्पल लॅबला दिलं. एकोणीस जणींचा रिपोर्ट येणार, आढळलं नाही. विसावीचा येणार पाचशे. एकोणीस जणी विसावीला म्हणणार तुझीच लॅब गंडलीये. आणि यात कोणीच खोटं बोललेलं नाही, मशीन पण बरोबर आणि माणसं पण बरोबर!

म्हणून आमच्या धंद्यात जुने लोक म्हणायचे की मशीन शेवटी येतं, आधी हात. युरोपला शेंगदाणा पाठवायचा तर त्यांच्या नियमाने मोठ्या लॉटमधून शंभरपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणाहून थोडं थोडं काढून वीस किलोपर्यंत सॅम्पल गोळा करावं लागतं, एक चमचा तपासायला वीस किलो! आणि इथे आपण वरून मूठ भरतो. गोणीची वरची मूठ ही तर सगळ्यात फसवी, कारण वरचे दाणे हवेशीर, कोरडे, आणि दुकानदाराने हात फिरवून चाळलेले. ओल असते ती शिवणीपाशी, तळाला आणि पोटात.

मग आम्ही काय केलं ते सांगते. सोसायटीच्या ऑफिसातला कॅरम बाजूला उभा केला, लादी पुसून सुकवली, धुतलेल्या चादरी पसरल्या, आणि एकेक गोणी वेगळी ओतली. वाटून उरलेला माल होता, तरी प्रत्येक गोणीत वीस किलोच्या आसपास. बाहेर पाऊस धो धो, पंखे फुल्ल, आणि आम्ही सहा जणी पदर खोचून वाल पसरतोय, वॉचमन दारात उभा राहून बघतोय की आज काय हळदीकुंकू आहे का. मी प्रत्येक चादरीवर तीस ठिकाणाहून वाटीने शंभर शंभर ग्रॅम काढायला लावले, मधून, कडेने, खालून, आणि मुख्य म्हणजे चांगले दिसणारे दाणे निवडायचे नाहीत! हे बायकांना सांगणं महाकठीण, कारण हात आपोआप निवडतो, जन्मभर तेच केलंय. एक काकू भोकवाले दाणे बाजूला काढतच होत्या, तीनदा ओरडले तेव्हा थांबल्या. असे तीन-तीन किलो दोन कागदी पिशव्यांत भरले. प्लास्टिकच्या पिशवीत दमट धान्य बांधून नेऊ नये, लॅबला पोचेपर्यंत आत बुरशीची पार्टी होते.

लॅबला (माझी जुनी नाही, दुसरी, उगाच कोणी बोलायला नको) मी एकच हट्ट धरला की तिन्ही किलो दळा, मग त्यातलं घ्या. ते नाखूष, कारण वेळ जातो, दळण यंत्र पुसावं लागतं. पण सगळं बारीक दळून, ढीग करून, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग, असं करत करत शेवटी जे पंचवीस ग्रॅम उरतं त्याला काहीतरी अर्थ असतो. अख्ख्या दाण्यांमधून पंचवीस ग्रॅम उचललं तर तो मटका.

पुढचं काम मशीनचं, पण बघण्यासारखं असतं. पिठात मिथेनॉल आणि पाणी घालून घुसळतात, विष पाण्यापेक्षा अल्कोहोलमधे बरं उतरतं म्हणून. गाळतात. मग करंगळीएवढी एक नळी असते, तिच्यात अँटिबॉडी भरलेल्या, ते गाळलेलं पाणी थेंब थेंब तिच्यातून सोडायचं, घाई केली की चुकलं. अफलाटॉक्सिन तिथे चिकटून राहतं, बाकी सगळा रंग, पीठ, तेल वाहून जातं, मग शुद्ध मिथेनॉलने ते सोडवून एचपीएलसी नावाच्या मोजणाऱ्या मशीनमधे टाकायचं. तिथे ते जांभळ्या उजेडात उजळतं, बी जातीचं निळं आणि जी जातीचं हिरवं, नावंच त्यावरून पडलीत, ब्लूचा बी आणि ग्रीनचा जी. आणि संध्याकाळी सगळी काचेची भांडी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायची, तेवढ्याने ते मरतं. माझ्या बोटांना बावीस वर्षं तोच वास.

म्हणजे टॉर्चवाले अगदीच हवेत बोलत नाहीत, चमक हा प्रकार खरा आहे, पण तो या सगळ्या गाळणीनंतरचा. मक्यावर जी हिरवट-पिवळी चमक थेट दिसते ती तर अफलाटॉक्सिनची नसतेच, ती बुरशी कोजिक ॲसिड नावाचं दुसरंच काहीतरी बनवते त्याची असते. बुरशी इथून गेली होती एवढं त्यावरून कळतं, विष टाकून गेली का ते नाही. आणि वाल-राजम्यावर टॉर्च मारलीत तर साल चमकते, धूळ चमकते, गोणीचा धागा चमकतो, तुमच्या शर्टाला लागलेली साबणाची पावडर तर सगळ्यात जास्त चमकते, तेवढ्यावरून कोणी शर्ट फेकतं का. उलट काहीच चमकलं नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, ते जास्त वाईट.

पट्टीच्या किटचं पण विचारतात. कोविडच्या पट्टीसारखीच दिसते, धान्याच्या धंद्यात वापरतात, चांगली गोष्ट आहे. पण तिचं गणित उलटं, दोन रेघा दिसल्या तर माल पास, एकच दिसली तर विष जास्त. मला एकाने अभिमानाने फोटो पाठवला होता, एकच रेघ आली, निगेटिव्ह! शिवाय मक्यासाठी बनवलेली पट्टी राजम्याला लावून चालत नाही, गडद सालीचा रंग वाचायला गोंधळ घालतो, किट कुठल्या धान्याला तपासून पास केलंय ते पाकिटावर बघायचं. आणि तिथेही मूठ ती मूठच.

भिजवलेलं पाणी फेकलं की विष गेलं, कुकरच्या चार शिट्ट्या जास्त घेतल्या की गेलं, असंही नाही. अफलाटॉक्सिन दोनशे डिग्रीच्या वर गेल्याशिवाय नीट तुटत नाही आणि आपला कुकर जेमतेम एकशेवीसला. राजम्याच्या बाबतीत गडबड अशी होते की कच्च्या राजम्यात स्वतःचंच एक विष असतं, लेक्टिन, ते भिजवून खळखळून उकळलं की मरतं, म्हणून लोकांना वाटतं सगळंच उकळून मरतं. ते वेगळं, हे वेगळं. बुरशी स्वतः मरते उकळल्यावर, तिने आत सोडलेलं राहतं. उन्हात टाकलं, बुरा झटकला, दाणा परत कडक झाला, तरी राहतं.

हे मला स्वतःलाच निकाल आल्यावर नव्याने पटलं. आम्ही सगळ्या भिंतीकडच्या गोणीवर संशय घेऊन बसलो होतो, तिच्या बारदानाला ओलीचा डाग पण होता. ती आली लिमिटच्या आत. वरची, चांगली कोरडी, खडखडीत वाजणारी, तिचा आकडा पंधराच्या दुपटीहून जास्त. म्हणजे तिच्यातलं विष आमच्या ऑफिसातल्या ओलीचं नव्हतंच बहुतेक, शेतात नाहीतर कुठल्या गोदामात आधीच कधीतरी भिजून, बुरसून, परत सुकून आली असणार. शेठचा युक्तिवाद तयार होता की तुमच्याकडे भिजलं, मी काय करू, तो तिथे जरा अडखळला.

या दोन रिपोर्टचे मिळून काही हजार झाले, घरटी वर्गणी काढली, दोन घरांनी दिली नाही (त्यांनी वाल खाल्ले पण होते तोवर). साठ किलो वालाला हा खर्च परवडणारा नाही, मला मान्य. मग साध्या माणसाने जायचं कुठे? तर कायद्यात एक सोय आहे आणि ती वाचून मला हसावं का रडावं कळेना. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. त्यात लिहिलंय की साधं गिऱ्हाईक सुद्धा फी भरून आपला माल सरकारी फूड ॲनालिस्टकडून तपासून घेऊ शकतं, आणि मालात खोट निघाली तर फी परत. छान ना? पण अट अशी की माल घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला नेणार आहे. म्हणजे मी लालबागच्या दुकानात उभी राहून म्हणायचं, "शेठ, एक किलो वाल द्या, बारीक बघून द्या, आणि हो, हे मी ॲनालिस्टकडे नेणारे बरं का." तो मला गोणीतलं देईल का देव्हाऱ्यातलं? आणि बुरशी काय दुकानात दिसते का, ती तर दोन महिन्यांनी माझ्या परातीत दिसली. भेसळीच्या दुधाला ही अट एकवेळ ठीक आहे, धान्याला नाही.

अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः आला तर तो नमुन्याचे चार भाग करतो, सील, सही, साक्षीदार, ॲनालिस्टने चौदा दिवसात रिपोर्ट द्यायचा, सगळं व्यवस्थित आहे कागदावर. पण ते चार भाग कशाचे, वरच्या मुठीचे का गोणीच्या पोटातले, हा प्रश्न राहतोच. पोकळ टोकदार नळी असते गोणीत खुपसायची, हमाल लोक माल दाखवायला वापरतात तीच, ती चार-पाच जागी खुपसली तरी खूप फरक पडतो.

ते रद्दी वाल आमच्याकडे ऑफिसात पडून होते तेव्हा एक काकू म्हणाल्या अन्नाचा अपमान नको, देवळाबाहेर गाय घेऊन बसते तिला देऊ, पुण्य लागेल. मी जवळजवळ किंचाळले. गाईने बुरशीचं खाल्लं की तिच्या दुधात ते दुसऱ्या रूपात उतरतं, एम-वन म्हणतात, आणि ते दूध लहान पोरं पितात. २०१८ च्या देशभरातल्या दूध सर्व्हेत एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षेच्या संस्थेने, ६,४३२ नमुने तपासले होते, त्यात ३६८ नमुन्यात हेच एम-वन लिमिटच्या वर निघालं. तेव्हा गाजावाजा भेसळीचा झाला, पण खरी बातमी ही होती, आणि हे कोणी दुधात मिसळलेलं नव्हतं, चाऱ्यातून आणि पेंडीतून आलेलं होतं. चुणी, पेंड, कांडून उरलेलं, माणसाने नाकारलेलं सगळं शेवटी तबेल्यात जातं आणि सकाळी पिशवीतून परत आपल्याच दारात येतं.

घरच्या घरी विष तपासता येत नाही, पण ओल तपासता येते, आणि ओल नसेल तर निदान पुढची बुरशी तरी होत नाही. कोरडी काचेची बाटली घ्या, तव्यावर गरम करून गार केलेलं मीठ दोन चमचे टाका, त्यावर अर्धी बाटली कडधान्य, झाकण लावून हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात पंधरा टक्क्याच्या वर पाणी आहे, तो माल मुंबईत पावसाळाभर टिकणार नाही, घेऊ नका. मीठ खाली मोकळं पडलं तर ठीक. दाताखाली धरला तर कट् करून फुटला पाहिजे, दाताचा व्रण उमटला तर ओला. आणि मुंबईच्या जुलैत घट्ट झाकणाचा डबा, एरंडेल लावलेलं असो वा नसो, गोणी तर नाहीच. आम्ही वर्षानुवर्षं गोणीत ठेवत आलोय ती आमची चूक, ती मी शेठच्या नावावर टाकत नाही. भोकाचे, तुटके, डाग पडलेले, सुरकुतलेले दाणे दया न दाखवता काढा, त्याने विषाचा मोठा हिस्सा जाऊ शकतो, हे निवडणाऱ्या सासवा लॅबमधे न जाता बरोबरच करत होत्या. आता पॅकेट फोडून थेट कुकरमधे टाकतात.

एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, माझं मागणं फार नाही. जून ते सप्टेंबर किरकोळ दुकानातल्या सुट्या कडधान्याचे नमुने घ्या, नळी खुपसून घ्या, आणि निकाल जाहीर करताना नमुना कसा काढला तेही लिहा. कलम ४० ची ती दुकानदाराला आधी सांगायची अट धान्यापुरती तरी सैल करायला वर कळवा. आणि लॅबवाल्यांनी, ज्यात माझे जुने सहकारी पण आले, ती 'नमुना पार्टीने दिला' ओळ खालून उचलून वर छापा, निकालाच्या शेजारी, त्याच टायपात.

आता त्या गोणीचं. शेठने शेवटी खराब गोणी परत घेतली, पैसे पण दिले, कटकट नको म्हणून असेल. मी विचारलं की याचं करणार काय, तर म्हणाला, "ताई, फेकणार, अजून काय?" माझा विश्वास नव्हता म्हणून गेटच्या ऑइलपेंटचा उरलेला डबा होता त्यातल्या लाल रंगाने गोणीवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरात 'बुरशी, खाऊ नये' असं लिहिलं आणि टेम्पोत चढवून दिली. परवा साबुदाणा आणायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर पाय पुसायला बारदान टाकलेलं होतं, घडी उलगडलेली, माझ्या अक्षरातलं 'खाऊ नये' चिखलातून दिसत होतं. गोणी रिकामी होती. आत बघितलं तर कडव्या वालाच्या डब्याशी गिऱ्हाईक उभं होतं, आणि मी काही बोलायच्या आत शेठ म्हणाला, "या ताई, काय देऊ?"

आपली एक वाचक,
परळ, मुंबई

ता.क. पत्र लांबलंय, माहितीये. कापाल तर मिठाच्या बाटलीचं तेवढं ठेवा.